काही नसते म्हणणारे लोक

आमच्या घरात "काही नसते" हे दोन शब्द सगळ्यांच्या तोंडात कायम तयार असतात. ताप आला, काही नसते. भिंतीला भेग पडली, काही नसते. माझ्या गर्भाशयातल्या गाठीलाही पहिल्या दिवसापासून हेच औषध मिळालं.

गाठ जुनी होती. फायब्रॉइड. पुष्कळ बायांना असते, पाळी गेली की आपोआप आक्रसते, असं डॉक्टरीणबाईंनी पूर्वी सांगितलं होतं. मी पन्नाशीला टेकले, पाळी जायची वेळ आली, अन् ही बया आक्रसायची सोडून वाढतच सुटली. सोनोग्राफी झाली, मग एमआरआय झाला. मी अन् आमचे हे, दोघं डॉक्टरीणबाईंसमोर बसलो होतो. आम्ही यांच्या नोकरीमुळे हिंदी मुलखात राहतो, बाई इकडच्याच. चांगल्या आहेत, उगाच गोड बोलत नाहीत. म्हणाल्या, "देखिए, साधी गांठ होने के ही चान्स ज्यादा हैं. लेकिन जल्दी बढ़ी है, और फोटो में थोड़ा हिस्सा अलग दिख रहा है. कैंसर नहीं है, ये मैं निकालकर जाँच किए बिना नहीं बोल सकती."

"सुई से पता नहीं चलेगा?" मी विचारलं.

"पक्का नहीं चलेगा."

यांनी लगेच दुर्बिणीच्या ऑपरेशनची चौकशी केली. दोन-तीन भोकं पाडायची, चार दिवसांत माणूस घरी. बाईंनी नीट समजावून सांगितलं. गाठ एवढी मोठी, की भोकातून बाहेर काढायची तर आत तिचे तुकडे करावे लागणार. अन् ती वाईट निघाली तर त्याच तुकड्यांतून रोग पोटभर पसरणार. म्हणून पोट उघडून गर्भाशयासकट सगळं अख्खं काढावं, असं त्यांचं मत होतं. "बाकी आप लोग घर में सोच लीजिए," त्या म्हणाल्या.

घर में सोच लीजिए! आमच्या घरात!

परत येताना स्कूटरवर मागे बसले होते तर हेल्मेटमधून आवाज आला, "काही नसते. हे डॉक्टर लोक घाबरवतातच." आमचे हे डिफेन्सच्या फॅक्टरीत इन्स्पेक्शनला आहेत. तिथे एकेक नग मोजून-मापून तपासल्याशिवाय पुढे सरकू देत नाहीत, त्याबद्दल त्यांचं नाव आहे. माझं पोट मात्र न पाहताच पास करून टाकलं.

घाई कशाची होती तेही सांगते. नागपूरला माझ्या मोठ्या जावेच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. जावेचा फोन आला, आवाज असा की जणू मीच मुद्दाम मुहूर्त साधून गाठ वाढवली. "अवं, भोकावालंच करून घे न. पोट फाडून काहून घेते? लग्नात काकू उभी पाहिजे न. अन् तसंही आता त्या पिशवीचं काय काम आहे तुले?"

पिशवी म्हणे. भाजी आणून झाली, टाका काढून! मी म्हटलं, "वहिनी, वाईट निघालं तर?" तर पलीकडून तेच. "काही नाही निघत. तू लय विचार करते."

मला भीती वाटत होती. मरायची भीती, दुसरी कशाची नाही. ऑफिसात फाईल उघडली की अक्षरं दिसायची नाहीत. टेबलाखाली हात पोटावर जायचा. डाव्या बाजूला टणक लागायचं, बटाट्यासारखं. हे काय आहे हे जगात कोणालाच माहीत नाही, अन् ते माझ्याच पोटात बसलंय, या विचाराने घाम फुटायचा. साधी असेल असं म्हणून मन शांत करावं, तर पाच मिनिटांनी दुसरं मन म्हणे, अन् नसली तर? अशा वेळी माणसाला कोणीतरी सोबत भिणारं लागतं. धीर नको होता मला. धीर देणाऱ्यांनी तर उच्छाद मांडला होता. एकदा जेवताना मी सरळ म्हटलं, "मी खूप घाबरून राहिली हो." यांनी वरणाची वाटी पुढे केली, म्हणाले, "काही नसते. जेव." लेक समोर बसली होती. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कानात ते इअरफोनचे पांढरे बोंडूक, डोळे मोबाईलवर. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. त्या दिवशी तेही आलं नाही.

त्याच आठवड्यात आमच्याच शहरातल्या गोरखपूर भागातल्या बाजारात गेलो, मी अन् लेक. जावेचा हुकूम होता, लग्नात घरच्या सगळ्या बाया पांढऱ्या साडीत पाहिजेत. आम्ही बौद्ध. आमच्यात नवरीही पांढरी नेसते, विहारात पांढरं, अन् माणूस गेलं तरी पांढरंच. दुकानदाराने बारीक निळ्या काठाची एक दाखवली. छान होती. मी घडी उलगडून पाहून राहिली होती, तर त्याने आवाज खाली करून विचारलं, "दीदी, घर में कोई गमी हो गई क्या?"

त्याचा काय दोष, त्यांच्यात पांढऱ्याचा तोच एक अर्थ. पण माझ्या जिभेला त्या दिवसांत विष चढलं होतं. मी म्हटलं, "अभी नहीं भैया. देखते हैं." अन् लेकीकडे वळून, "एकच घेते बाई. लग्नालाही होईल अन् तिकडेही होईल. खर्च वाचला."

दुकानदार बिचारा कॅल्क्युलेटरमध्ये तोंड घालून बसला. लेक मोबाईलच पाहत राहिली. मला वाटलं, ऐकलंच नाही. वाटलं, या घरात मी पेटले तरी कोणी उठून पाणी टाकणार नाही.

डॉक्टरीणबाईंना मीच एकटी जाऊन सांगून आले. पोट उघडा, अख्खं काढा. घरी हे कळलं तेव्हा यांनी एवढंच म्हटलं, "म्हणजे लग्नाला नाही येत तू." हो, नाही येत. कॅन्सर असेल-नसेल, पण तुमच्या पंगतीत वाढायला उभी राहायची म्हणून पोटात तुकडे करून घेत नाही, असं मी म्हणाले. मनात नाही, तोंडावर म्हणाले. मग बोलणं बंद झालं. दवाखान्यात हे रोज आले, डबा घेऊन आले, खोटं कशाला सांगू; पण डबा ठेवताना चेहरा असा, की चहा गार झाला म्हणून रुसलेत.

ऑपरेशन झालं. काढलेलं सगळं तपासायला गेलं. रिपोर्टला वेळ लागेल म्हणाले. तेवढ्यात लग्नाची तारीख आली, अन् हे बॅग भरून नागपूरला निघून गेले. जाताना दारातून म्हणाले, "काही नसते. मी दोन दिवसांत येतो." मी टाक्यांवर उशी दाबून धरली होती; टाके ओढले नसते तर मोठ्याने हसले असते.

घरी मी अन् लेक. पोरीने सगळं केलं, त्याला नाव ठेवायला जागा नाही. खिचडी केली, अंघोळीला हात दिला, गोळ्या वेळेवर दिल्या. पण एका शब्दाने विचारलं नाही, मम्मी, कैसा लग रहा है. नागपूरहून व्हिडिओ येत होते. सगळ्या बाया पांढऱ्या साड्यांत, जाऊ मधोमध, अन् आमचे हे जिलबीचं ताट घेऊन. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'काकूंना मिस करून राहिलो.' मी मोबाईल पालथा घातला. रिपोर्टचा विचार करत मी भिंतीकडे तोंड करून पडले, अन् लेक दुसऱ्या खोलीत.

रिपोर्ट आला. साधी गाठ. कुठेही काही वाईट नाही. डॉक्टरीणबाईंनी माझा हात धरला, अन् मी त्यांच्यासमोर ढसाढसा रडले. आनंद झालाच. पण तो आनंद घरापर्यंतही टिकला नाही. यांनी खोव्याची जिलबी आणली, नागपूरला फोन लावला, स्पीकर सुरू केला अन् म्हणाले, "मी पहिल्या दिवसापासून काय म्हणत होतो? काहीच नव्हतं! हिने उगाच पोट फाडून घेतलं, लग्नही गेलं."

जाऊ तिकडून हसली. म्हणाली, "मीही तेच सांगत होती."

त्या क्षणी, एका क्षणासाठी, मला वाटलं की कॅन्सर निघाला असता तर बरं झालं असतं. निदान या लोकांची तोंडं तर बंद झाली असती. असं वाटलं मला. माणसाला आपल्या जिवावर उठायला लावतात हे लोक. बरोबर ठरले सगळे. न तपासता, न भिता, घरबसल्या बरोबर ठरले. अन् डॉक्टरीणबाईंना जे माहीत नव्हतं ते माहीत असल्यासारखे जिलबी खात बसले. मीही एक खाल्ली. गोड होती.

पुढे टाके सुकले अन् एका रविवारी विहारात जायचं ठरवलं. म्हटलं, नवी साडी नेसू. कपाट उघडलं, साडी नाही. खालचा खण, वरचा खण, पेटी, साडी गायब. मी लेकीच्या नावाने ओरडले. ती दारात येऊन उभी राहिली. तिच्या कानात त्या दिवशी काही नव्हतं.

"वो मैंने वापस कर दी."

"वापस? कधी?"

"दूसरे ही दिन. कॉलेज से आते टाइम."

तिने गादीखालून एक पिशवी काढली. आत गडद गुलाबी साडी, बदलून आणलेली, घडीही न मोडलेली. माझा तोल सुटला. "कोणाले विचारून? माझी साडी होती न ती! काहून केलं असं?"

"आपने बोला था ना, तिकडेही होईल." तिने बाहीने डोळे पुसले. "मुझे वो घर में नहीं चाहिए थी. रोज अलमारी खोलने को डर लगता था."

मी खाटेवर बसले. एवढे दिवस ती भिंतीपलीकडे भिऊन राहिली होती अन् मी इकडे. मी म्हटलं, "अगं, मग आता का रडते? आला न रिपोर्ट. तू स्वतः वाचला."

"पढ़ा. लेकिन पापा तो पहले दिन से यही बोल रहे हैं. कुछ नहीं, कुछ नहीं." ती खाली माझ्या पायाशी बसली अन् एकदम मराठीत बोलली, अडखळत, लहानपणी बोलायची तशी. "मम्मी, तू तर मले खरं सांगशील न? खरंच काही नाही?"

"काही नाही गं," मी म्हटलं. खरं होतं ते. पण माझ्या तोंडून यांचाच आवाज निघाला, अन् पोर माझ्या चेहऱ्याकडे पाहतच राहिली.