बेलवलीतले तपकिरी पाणी

नोकरीतली बहुतेक प्रकरणे मी निवृत्त होताना पोलीस ठाण्यातच ठेवून आलो. बेलवलीच्या पाण्याचे प्रकरण मात्र माझ्याबरोबर घरी आले. ते आठवले की आजही आधी राग येत नाही, काही माणसांचे उपकार आठवतात.

तेव्हा मी बदलापूर पश्चिमेला सहायक पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपली होती. ठाणे अंमलदार आत येऊन म्हणाला, "सर, बेलवलीच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी आलेत. पाणी खात्यावर गुन्हा दाखल करा म्हणतात. काही केल्या ऐकत नाहीत."

गृहस्थ साठी उलटलेले, अंबरनाथच्या एका कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. शर्टाला कडक इस्त्री होती, पण दाढी वाढलेली होती. नेहमी नेटका राहणारा माणूस दाढी करायला विसरला, की घरात आजारपण आहे हे मी धरून चालतो.

"साहेब, नळाच्या पाण्यात विष आहे," ते म्हणाले. "आमच्या बिल्डिंगमध्ये घराघरात कावीळ आहे. माझी सून सात महिन्यांची गरोदर, ती दवाखान्यात ॲडमिट आहे. डॉक्टर म्हणतात, या दिवसांत ही कावीळ जिवावर बेतू शकते."

"पाणीच खराब आहे, हे कशावरून म्हणता काका?"

"माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. नळाचं पाणी माझ्या घरात, माझ्यासमोर तपकिरी झालं."

पाइप फुटून गाळ आला असेल, एवढाच मी त्याचा अर्थ लावला. त्यांचा अर्ज दाखल करून घेतला आणि पाण्याचे नमुने तपासून अहवाल द्यावा, असे पत्र पाणीपुरवठा खात्याला पाठवले. अशा पत्रांना उत्तर यायला वेळ लागतो. या पत्राला उत्तर म्हणून त्याच दिवशी दुपारी एक बाई स्कूटरवरून स्वतः ठाण्यात हजर झाल्या. जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेतल्या त्या केमिस्ट. वय पन्नाशीच्या आसपास, खांद्याला बाटल्यांची पेटी.

"तक्रार आमच्याविरुद्ध आहे ना? मग नमुने तुमच्यासमोर घेते," त्या म्हणाल्या. "पंच बोलवा आणि बाटल्यांना तुमचं सील लावा. उद्या कोणी म्हणायला नको की मॅडमनी बाटली बदलली."

सोसायटीत आम्ही पोचलो तेव्हा जिन्यापाशी गर्दी जमली होती. मॅडमनी जमिनीखालच्या टाकीतले, गच्चीवरच्या टाकीतले आणि काही घरांतल्या नळांचे पाणी घेतले. प्रत्येक वेळी छोट्या नळीत थोडे पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकले. प्रत्येक वेळी पाणी पिवळे झाले.

"हा पिवळा रंग म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे," त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले. "क्लोरीन एवढं असताना काविळीचे जंतू सहसा टिकत नाहीत."

गर्दीतली एक बाई म्हणाली, "तुमचं औषध तुमच्याच बाजूनं बोलणार ना मॅडम."

मॅडम चिडल्या नाहीत. हातातली नळी धुता धुता त्यांनी विचारले, "ताई, तुम्ही हे पाणी पिता का?"

"छे! आता कोण पितंय? आम्ही सगळे जारचं पितो."

"सगळे म्हणजे?"

"सगळी बिल्डिंग. दोन-तीन महिने झाले."

"मग जे पाणी तुम्ही पीतच नाही, त्यानं तुम्हाला कावीळ कशी झाली?"

गर्दीत कुजबुज सुरू झाली. शेवटी सेक्रेटरी काका म्हणाले, "आधी प्यायलेलं अंगात राहिलं असेल." पण त्यांचा आवाज सकाळइतका ठाम नव्हता. मी बरीच वर्षे लोकांचे जबाब घेतले, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. तपास खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाला.

मग सगळी हकीकत बाहेर आली. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली दोन तरुण माणसे सोसायटीत आली होती. "सरकारतर्फे पाणी तपासणी आहे," म्हणाली. सेक्रेटरींच्या घरी सगळ्यांना जमवले. दोन ग्लास मांडले, एकात नळाचे पाणी, दुसऱ्यात त्यांनी आणलेल्या बाटलीतले. दोन्हींत एका विजेच्या पेटीला लावलेले लोखंडी रॉड बुडवून वीज सोडली. बघता बघता नळाचे पाणी तपकिरी झाले, वर मळीसारखा फेस आला. बाटलीतले पाणी स्वच्छच राहिले. "हे तुम्ही मुलांना पाजता," एवढेच ते म्हणाले. त्यांना पुढे काही बोलावेच लागले नाही. दुसऱ्या दिवसापासून घरोघरी 'झऱ्याच्या पाण्याचे' जार यायला लागले. काविळीचे रुग्ण वाढल्यावर जारची गाडी दोन दिवसांपूर्वी अचानक बंद झाली आणि दिलेला मोबाइल नंबरही लागेना.

सेक्रेटरींच्या स्वयंपाकघरात एक अर्धा भरलेला जार शिल्लक होता. पंचनामा करून तो ताब्यात घेतला. मॅडमनी त्यातले पाणी तपासले तेव्हा पिवळा रंग आलाच नाही. पाण्यात मैला असेल तर काळ्या पडणाऱ्या औषधाच्या बाटल्या त्यांच्याकडे होत्या; नळाच्या पाण्याप्रमाणे हे पाणीही त्यांनी अशा एका बाटलीत भरून घेतले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"साहेब, जारच्या पाण्याची बाटली काळी पडलीय. त्या पाण्यात मैला मिसळतोय. नळाच्या बाटल्या जशाच्या तशा आहेत. हे जार अजून कुठं जात असतील, तर आधी ते थांबवा."

तीच खरी अडचण होती. जार आणखी कोणकोणत्या सोसायट्यांत जात आहेत हे कोणालाच माहीत नव्हते. आम्ही गाडीवर भोंगा लावून कुळगावपासून बेलवलीपर्यंत जारचे पाणी पिऊ नका, नळाचे उकळून प्या, असे सांगत फिरलो. लोक गॅलरीत येऊन ऐकत आणि आत जात. एकदा डोळ्यांनी तपकिरी ग्लास पाहिलेल्या माणसाला भोंग्यावरचा पोलीस काय समजावणार?

मी पूर्वी उल्हासनगरला नोकरी केली होती. असली पेटी कुठे बनत असेल तर तिथल्या कॅम्प चार भागातल्या वर्कशॉपमध्ये, असा माझा अंदाज होता. एका हवालदाराला साध्या वेशात तिकडे पाठवले. संध्याकाळी मला एका सिंधी दुकानदाराचा फोन आला. जुनी ओळख होती.

"साहेब, तुमचा माणूस विचारून गेला ती पेटी मीच बनवतो. एक पोरगा नेतो, शाळेत प्रयोग दाखवायला पाहिजे बोलला होता. मला काय माहीत? लेकिन साहेब, एक बात समझ में नहीं आती. त्याचे लोखंडी रॉड पेन्सिलीसारखे झिजून जातात. घडी घडी नवीन घ्यायला येतो. लोहा जाता कहाँ है?"

"पुन्हा कधी येणार आहे?"

"कल सुबह. मी त्याला चाय पाजून बसवतो, तुम्ही या."

या गृहस्थांचे नाव पुढे आले असते तर धंद्यात त्यांना त्रास झाला असता. तरी त्यांनी शब्द पाळला. आम्ही पोचलो तेव्हा पंचविशीचा एक तरुण त्यांच्या काउंटरवर खरोखरच चहा पीत बसला होता. पिशवीत पेटी आणि पाण्याची बाटली, खिशात ओळखपत्र. सरकारी चिन्हासारखे दिसेल असे काहीतरी छापलेले.

ठाण्यात आणून मी चौकशीला बसलो. सराईत माणूस प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो. नवखा उत्तराआधी दाराकडे बघतो. हा दोन्हींतले काही करत नव्हता. सरळ माझ्याकडे बघून बोलत होता.

"साहेब, कार्डाचं चुकलं, मान्य आहे. मालकानं दिलं, मी घातलं. पण पाण्याचं खोटं नाहीये. मी लोकांचं भलंच करतोय."

"त्या बिल्डिंगमध्ये घरोघरी कावीळ आहे."

"नळाचं पाणी प्यायले असतील गुपचूप."

"मालक कोण? पाणी कुठं भरतो?"

"ते नाही सांगणार. माझी नोकरी जाईल. आणि मालकानं काय गुन्हा केलाय?"

हवालदार माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या मनातला उपाय मला कळत होता, पण त्याचा उपयोग नव्हता. ज्याला आपले खोटे खरेच वाटते, त्याला मारून काय मिळणार? मी मॅडमना फोन करून पेटी सापडल्याचे सांगितले आणि दुकानदाराचा प्रश्नही सांगितला. त्या हसल्या. "तुमच्या दुकानदारानं अर्धी केस सोडवलीय. मी येते. जप्त केलेला जार आणून ठेवा आणि ठाण्याच्या किचनमधून चिमूटभर मीठ."

माझ्या टेबलावर त्यांनी स्टीलचे नको, काचेचे ग्लास मागवून घेतले. पंच समोर बसवले. मग त्या तरुणालाच म्हणाल्या, "तू रोज करतोस ना? तूच कर. पहिल्यांदा तुझ्या बाटलीतलं पाणी."

त्याने पेटी लावली. बाटलीतले पाणी स्वच्छ राहिले. त्याने माझ्याकडे पाहिले.

"आता त्यातच हे मीठ टाक."

मीठ विरघळवून त्याने पुन्हा वीज सोडली. थोड्याच वेळात तेच पाणी तपकिरी झाले.

"आपण सगळे रोज मीठ खातो," मॅडम म्हणाल्या. "हा रंग पाण्याचा नाहीये, तुझ्या रॉडचा आहे. पाण्यात क्षार असले की वीज जाते, लोखंड झिजतं आणि पाण्यात उतरतं. तुझ्या बाटलीतल्या पाण्यात क्षारच नाहीत, म्हणून ते तसंच राहतं. आता शेवटचं. तुम्ही घरोघरी पोचवता त्या जारचं."

"जारचं आम्ही कधी करत नाही," तो म्हणाला. "मालक सांगतो, सीलबंद जार फोडायचा नाही."

"आज फोडलेलाच आहे. कर."

जारचे पाणी नळाच्या पाण्यासारखेच तपकिरी झाले. मॅडमनी आपल्या बाटल्यांच्या पेटीतून ती काळी पडलेली बाटली काढून त्याच्यासमोर ठेवली आणि तिचा अर्थ शांतपणे सांगितला. त्या तरुणाने ग्लासाकडे पाहिले, बाटलीकडे पाहिले.

"साहेब, एक फोन करू द्या."

"कोणाला?"

"घरी. मालक मला पगारासोबत दोन जार फुकट देतो. आई आणि बायको तेच पितात."

मी त्याला माझ्यासमोर फोन लावू दिला. "ऐक," तो बायकोला म्हणाला, "जार बाथरूममध्ये ओतून टाक. आत्ताच्या आत्ता. नळाचं पाणी उकळ, ते पी. आईला पण तेच दे. का ते विचारू नकोस, मी सांगतो ना." फोन ठेवून त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले. मग कोणी न विचारता मालकाचे नाव, गोडाऊन, पाणी भरायची जागा, जार जाणाऱ्या सोसायट्या, सगळे सांगितले.

बदलापूरच्या बाहेर, एका गावाच्या कडेला उघडी विहीर होती. शेजारी नव्या चाळी झाल्या होत्या आणि त्यांच्या संडासाचे खड्डे विहिरीला लागूनच होते. तिथून टँकर भरून जार पॅक होत. विहिरीचा मालक म्हातारा शेतकरी. आम्ही कशासाठी आलो ते कळल्यावर तो जागीच खाली बसला.

"त्यांनी सांगला, बांधकामाला पानी पायजे. मी दिला. ह्ये पानी आमी ढोरांना पन पाजीत नाय साहेब. मानसांना पाजला?"

जार विकणाऱ्या मालकाला आणि सोसायटीत आलेल्या दुसऱ्या तरुणाला त्याच दिवशी अटक झाली. मालक आधी म्हणत राहिला, "साहेब, पाणीच विकलं ना, दारू तर नाही." फसवणूक, लोकसेवक असल्याची बतावणी आणि लोकांच्या जिवाला धोका, अशी कलमे लावून आरोपपत्र पाठवले. दुकानात सापडलेला तरुणही आरोपी होताच, पण त्याने दिलेल्या माहितीवरून त्याच दिवशी सगळीकडचे जार उचलता आले. न्यायालयाने निकाल देताना हे लक्षात घेतले. मालकाला शिक्षा झाली.

सेक्रेटरींच्या सुनेचे काही दिवस फार वाईट गेले. मी चौकशीच्या निमित्ताने दवाखान्यात जायचो, पण खरे म्हणजे तिची खुशाली विचारायला जायचो. काका बाकावर बसलेले असत. एकदा म्हणाले, "त्या दोघांना मीच माझ्या घरात बसवलं, सगळ्या बिल्डिंगला मीच बोलावलं." मी म्हणालो, "काका, तुम्ही लोकांच्या काळजीपोटीच बोलावलंत. आता तीच काळजी सुनेची करा." पुढे ती सावरली. वेळेआधी बाळंत झाली, पण मुलगी धडधाकट निघाली. बारशाला काकांनी मॅडमना आणि मला आग्रहाने बोलावले. पेढ्याचा बॉक्स मॅडमच्या हातात देताना ते म्हणाले, "तुमच्याविरुद्ध अर्ज मी केला होता." मॅडम म्हणाल्या, "बरं केलंत. नाहीतर मी आले नसते." त्या बाळाला मांडीवर घेऊन बसल्या.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे कोणी विचारले तर मी सांगतो, भीती विकणारा माणूस आधी तुमच्या डोळ्यांवर कब्जा करतो. डोळ्यांनी पाहिलेलेसुद्धा एकदा दुसऱ्या प्रकारे करून पाहावे. आणि ज्याच्यावर आरोप आहे तो आपणहून तपासाला उभा राहत असेल, तर त्याचे नीट ऐकून घ्यावे. पोलिसाला हे आधीच माहीत असायला हवे, पण मला ते एका केमिस्ट बाईंनी शिकवले.

निवृत्तीच्या आठवड्यात आभार मानायला म्हणून मी त्यांच्या प्रयोगशाळेत गेलो. खिडकीपाशी बाटल्यांची रांग होती. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, कुठून कुठून आलेल्या. मी काहीतरी बोलायला सुरुवात केली, तर त्यांनी मान वर न करता हात केला.

"बसा साहेब. आजचे नमुने होऊ द्या, मग बोलू."

मी स्टुलावर बसलो. बाहेर इतक्या गावांत लोक स्वयंपाकाला लागले असतील, भांडी भरून ठेवत असतील, मुलांना पाणी देत असतील. त्यांच्यापैकी कोणाला या खोलीचा पत्ता नव्हता. मॅडम एकेक बाटली उचलून उजेडात धरत होत्या. त्यांचे काम संपेपर्यंत मी मुकाट बसून राहिलो, आणि मनातल्या मनात आभार मानून झाले.