जिजीची साक्ष

आमच्या घरी आली की जिजी आधी स्वयंपाकघरात शिरायची आणि गॅसवरच्या पातेल्याचं झाकण उचलायची. "काय रांधं व बाई आज?" हा प्रश्न झाकण उचलून झाल्यावर यायचा. उत्तराची तिला गरज नसायची. वास घ्यायची, निकाल द्यायची, "मीठ कमी शे," आणि मग चहा टाकायला सांगून उंबऱ्यावर बसायची. मीठ खरंच कमी निघायचं. पहिल्या वर्षी मला राग यायचा. पुढे पुढे मी मीठ घालण्याआधी तिची वाट बघायला लागले.

तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल, जिचं खरं नाव रेशनकार्डाबाहेर कुणालाच ठाऊक नसतं. सुरतेच्या लिंबायतमध्ये आमच्या गल्लीत लहानथोर सगळे तिला जिजी म्हणायचे. माहेर-सासर दोन्ही खानदेशातलं, नंदुरबारकडचं. नवरा उधन्याला यंत्रमागावर. त्यांना आम्ही दाजी म्हणायचो. मागाच्या खडखडाटात उमर गेल्यामुळे दाजींना कमी ऐकू यायचं आणि म्हणून ते बोलायचेही कमी. दोघांच्या वाट्याचं बोलणं जिजी एकटी बोलायची. एकुलती मुलगी होती, माझ्याच हाताखाली महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलेली.

जिजी अठवा लाइन्सला एका हिरेव्यापारी शेठकडे स्वयंपाक करायची. तिथे कांदा-लसूण वर्ज्य, आणि हिच्या स्वतःच्या घरी लसणाशिवाय पाणी उकळत नसे. "माले दोन हात शेत, एक सकायना, एक संध्याकायना," असं ती म्हणायची. कुठलीही अडचण आली की तिचा एकच शब्द ठरलेला: "देखी लेसूत." बघून घेऊ. सुरतेत प्लेग आला त्या वर्षी निम्मी गल्ली मिळेल त्या गाडीला लटकून गावाकडे पळाली, तेव्हा शेठची आई अंथरुणाला खिळलेली म्हणून ही मागे राहिली. तोंडाला रुमाल बांधून रोज रिकाम्या रस्त्यानं कामावर जायची. मी निघताना रडत होते. ती म्हणाली, "देखी लेसूत. तू जाय."

त्यानंतर दोनेक वर्षांनी शेठच्या धाकट्या सुनेला दिवस गेले. मुलगा-सून परदेशात, अँटवर्पला. हिऱ्यांचा बाजार तिथे मोठा. सुनेला आई नव्हती आणि शेठाणीचे गुडघे धरलेले. बाळंतपणाला जायचं कोणी? शेठनी जिजीला विचारलं. तीन महिन्यांचा तर प्रश्न. जिजीच्या मुलीचं लग्न नुकतंच ठरलं होतं, आखाजीनंतरचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरचं. त्याच्या कितीतरी आधी ती परतणार होती.

गल्लीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. विमानात मांडी घालून बसू देत नाहीत, असं कुणीतरी तिला सांगितलं होतं, आणि तिला थंडीपेक्षा त्याचीच काळजी जास्त. सुरतेत जाड स्वेटर मिळवायचा म्हणजे दिव्यच. शेवटी माझ्या यजमानांचा नाशिकहून आणलेला स्वेटर तिला दिला. तो तिच्या गुडघ्यापर्यंत आला. ती खूश. "पाय बी झाकाई गयात," म्हणाली.

गल्लीत फोन फक्त आमच्याकडे होता, त्यामुळे तिचे फोन आमच्याकडे यायचे. दाजी आणि मुलगी येऊन बसायची. दाजी फोन कानाला लावून नुसतेच "हा, हा" म्हणायचे. मला खात्री आहे, त्यांना एक अक्षर ऐकू येत नसावं. पण फोन परत देताना त्यांचा चेहरा फुललेला असायचा. जिजी सांगायची, आठे, म्हणजे इथे, दिवस दुपारीच मावळतो. आठे झाडांना एक पान नाही. आठे एक पोलंडची बाई फरशी पुसायला येते, तिला मी भाकरी शिकवली. सुनेला मुलगी झाली, गुटगुटीत आहे, रोज तेल लावून न्हाऊ घालते.

मग एके दिवशी फोन आला तो वेगळाच. "बाई, मना पासपोर्ट लई लिधा पोलिसेसनी."

झालं होतं ते असं. शेठच्या मुलानं हिऱ्यांचं एक पुडकं दुपारी जेवायला येताना ऑफिसातून घरी आणून कपाटात ठेवलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाइकाला दाखवायला. सकाळी कपाटात पुडकं नव्हतं. पोलीस आले. घरात बाहेरून येणारं माणूस म्हणजे फरशी पुसणारी ती पोलंडची बाई. तिला धरून नेलं. आणि चौकशी संपेपर्यंत घरातल्या कुणीही देश सोडायचा नाही, असा तिथल्या न्यायाधीशांचा हुकूम. सगळ्यांचे पासपोर्ट जमा झाले, त्यात जिजीचाही.

आमच्या गल्लीत ही बातमी पोचेपर्यंत तिला शिंगं फुटली. "जिजी परदेशात चोरीत सापडली" इथपर्यंत बोलणं गेलं. नंदुरबारकडे व्याह्यांच्या कानावर गेलं तेव्हा तर बोलण्यात जिजी तुरुंगातच होती. त्यांच्याकडून निरोप आला, लग्नाचं जरा थांबू या. दाजी कामावरून आले की आमच्या पायरीवर येऊन बसायचे. चहा दिला तर प्यायचे. मुलीनं तर जेवणच टाकलं होतं.

पुढचा फोन जिजीनं बाहेरच्या बूथवरून केला. आवाज दबलेला. तिनं त्या दुपारचं सगळं सांगितलं.

पुडकं गेलं त्या दुपारी सून बाळाला घेऊन झोपली होती. तिचा भाऊ, तिथेच व्यापारात असलेला, घरी आला. जिजी चपात्या लाटत होती. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं, समोरच कपाट. त्यानं कपाट उघडलं, काहीतरी खिशात घातलं आणि जिजीकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. "मासी, घरात कुणाला सांगू नका, गंमत आहे." घरचाच माणूस. बाळाच्या बारशाची काही गंमत असेल असं जिजीला वाटलं. ती परत लाटायला लागली.

चोरीचा बोभाटा झाल्यावर तिनं हे आधी सुनेला सांगितलं. सून पांढरी पडली. मग जिजीचे पाय धरले. "मासी, तुम्ही काहीच पाहिलं नाही. तुमची साक्ष लगेच उरकेल, पासपोर्ट परत मिळेल, मुलीच्या लग्नाला पोचाल. माझा एकच भाऊ आहे."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? ती फरशीवाली आत शे. तिले दोन पोरे शेत. ती बिचारीनी काय करं?"

"जिजी, तुमच्या मुलीचं लग्न..."

"खोटं बोलीसन पोरना लगीनमा नाचू का?" पलीकडे ती थांबली. थंडीनं दात वाजत असावेत किंवा रडत असावी, मला कळलं नाही. "बाई, मी तुले इचारत नही. सांगस. पोरले सांग, मायले उशीर व्हई."

मी मुलीला सांगितलं. ती उठली आणि म्हणाली, "बाई, काही खायला आहे का?"

साक्षीचा प्रसंग जिजीनं परत आल्यावर आम्हाला अनेकदा करून दाखवला. न्यायाधीश बाईच होत्या, तिच्या मुलीपेक्षा थोड्या मोठ्या. शेजारी कोट घातलेला गुजराती दुभाषी. जिजी गुजरातीत सुरू करायची आणि जोरात आली की सरळ अहिराणीवर उतरायची. दुभाषी घामाघूम. "मासी, गुजराती, गुजराती!" असं तो मधे मधे कळवळायचा. शेवटी तिनं उठून सगळं करूनच दाखवलं. हे कपाट, ही मी, हे लाटणं, असा तो आला, असं बोट ठेवलं. न्यायाधीशबाईंनी विचारलं, तुम्ही इतके दिवस गप्प का होतात? त्यावर ती म्हणाली, "पहिले घरमा सांगं. घरनी सांगाले पाहिजे व्हतं. त्यास्नी नही सांगं, म्हनीसन मी सांगं."

दुभाष्यानं हे कसं सांगितलं देव जाणे. पण त्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि तिच्याकडे बघितलं, एवढं जिजीला आठवत होतं.

दोन दिवसांत सुनेच्या भावानं कबूल केलं. पुडकं बहुतेक जसंच्या तसं सापडलं. पोलंडची बाई सुटली. सुटल्याबरोबर ती आधी दोन्ही मुलांना घेऊन जिजीकडे आली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. दारातच एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या आणि मग जिजीनं त्या पोरांना जेवायला बसवलं.

तुम्हाला वाटेल, सुटली जिजी. तसं झालं नाही. खटला उभा राहीपर्यंत तिची साक्ष लागणार होती, म्हणून पासपोर्ट अडकलेलाच. ज्या घराविरुद्ध बोलली त्याच घरात राहायचं, त्यांनाच रांधून घालायचं. मला या सगळ्यातली हीच गोष्ट सगळ्यात अवघड वाटते. सून तिच्याशी बोलेना. ताटावर बसायची, जेवायची, उठून जायची. जिजीनं डिंकाचे लाडू वळले, ते डब्यात तसेच राहिले. जिजी बाळाला तेल लावत राहिली. बाळाला तर काहीच ठाऊक नव्हतं, ते हिला बघून हसायचं.

एका दुपारी सून स्वयंपाकघरात आली आणि काही न बोलता लाडवांचा डबा उघडून उभ्या उभ्या दोन लाडू खाल्ले. मग रडायला लागली. "मासी, तो आता खरं बोलला ना, म्हणून कोठडीत भेटायला गेले की माझ्याकडे बघतो तरी. आधी तो माझ्या डोळ्यांत बघतही नव्हता." जिजीनं तिला पाणी दिलं. "बैस. तिसरा बी खाय," म्हणाली.

इकडे आखाजी येऊन गेली. माहेरवाशिणींचे झोके बांधले गेले, सुटले. लग्न लांबलंच. आणि एक दिवस लिंबायतच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोठी पांढरी गाडी अडकली. आत वळेना. म्हातारे शेठ चालत आले, माझं घर विचारत. मी घाबरले. त्यांच्या सुनेचा भाऊ कोठडीत होता, तो जिजीमुळे.

ते आमच्या पायरीवर दाजींसमोर बसले. दाजींना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं, गुजराती-मराठीची खिचडी करत बोलले. "मासी गप्प राहिली असती तर माझा मुलगा विम्याचा खोटा दावा करून बसला असता. पुढे चोर घरचाच निघाला असता, तेव्हा तोही आत गेला असता. समजलं ने? माझं घर वाचलं. आता मुलीच्या सासरचं गाव कोणतं, ते सांगा."

दुसऱ्या दिवशी ते दाजींना आणि मला गाडीत घालून व्याह्यांच्या गावी घेऊन गेले. तिथे ओट्यावर बसून, चार माणसांसमोर त्यांनी सगळी हकीकत सांगितली, स्वतःच्या घरची अब्रू झाकून न ठेवता. व्याह्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आमनी चूक व्हयनी. माय येवो, मग तारीख धरू." परतीच्या वाटेवर दाजी खिडकीबाहेर बघत होते आणि सगळ्या रस्ताभर उपरण्यानं डोळे पुसत होते.

तिकडे खटल्यात तिची साक्ष झाली, पासपोर्ट परत मिळाला आणि जिजी आली ती ज्येष्ठात. दाजी आणि शेठ मुंबईला विमानतळावर गेले होते. लिंबायतला रिक्षातून उतरली तेव्हा भर उन्हात अंगावर तो स्वेटर! "पिशवीमा मावना नही," म्हणाली. मुलगी धावत गेली ती तिच्या अंगावरच कोसळली. बायकांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. ज्यांनी बोलण्यात तिला तुरुंगात घातलं होतं त्याच आता पुढे होत्या. जिजीला ते ठाऊक होतं. तिनं त्यांच्याच हातचं पाणी आधी घेतलं.

लग्न पाऊस लागायच्या आत उरकलं. सुनेनं परदेशातून नवरीसाठी शालू पाठवला. जिजी नाचली. इतकी नाचली की दाजींनी तिला हाताला धरून खाली बसवलं.

त्यानंतर थोडीच वर्षं ती आमच्यात होती. दाजींची नजर मंदावली तसं मागावरचं काम सुटलं आणि दोघांनी गावी परतायचं ठरवलं. उधना स्टेशनवर भुसावळच्या पॅसेंजरला त्यांना बसवायला मी गेले. सकाळची वेळ. गाठोडी, ट्रंक, जातं सगळं चढवून झालं. जिजी आदल्या दिवसापासून बांधाबांध करत होती, गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन आली होती. मला वाटत होतं, आता निघताना काहीतरी बोलेल. मीही काहीतरी बोलायचं ठरवून आले होते.

ती खिडकीशी बसली, पाय वर घेऊन मांडी घातली, डोकं दाजींच्या खांद्यावर टेकवलं, आणि गाडी हलायच्या आतच तिला झोप लागली. इतक्या वर्षांत तिला झोपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. दाजींनी माझ्याकडे बघितलं. खांदा हलू नये म्हणून त्यांनी दुसरा हात हळूच वर केला, दोघांच्याही वतीनं, आणि गाडी फलाटाच्या बाहेर जाईपर्यंत तसाच वर धरून ठेवला.