उंबऱ्याशी काढलेल्या चपला

कापूरहोळच्या फाट्यावर भोरच्या एसटीची वाट पाहत होते, तेव्हा धाकट्या भावाचा, बाळूचा फोन आला. "अक्का, बाई गेल्या." गाडी आली आणि गेली, माझ्यानं चढवेना.

शेवंताबाई पासली गावाच्या वरच्या अंगाला आमच्या वाडीत बालवाडी चालवायच्या. मी त्यांच्याकडं कधी शिकले नाही. तिथं बसायचा तो बाळू. त्याआधी तो माझ्या कडेवर असायचा. आई भातलावणीला जाई आणि मी शाळा बुडवून त्याला सांभाळी. बालवाडी उघडली त्या दिवशी आई म्हणाली, "आता तू जा शाळंत." आमच्या घरातली पहिली पदवी माझी, पण तिची सुरुवात बाळूच्या बसण्यापासून झाली.

लावणीच्या चिखलात बाया अनवाणीच उतरतात. चपला बालवाडीच्या उंबऱ्याशी काढायच्या, असं बाईंनी सांगून ठेवलं होतं. पोर रडायला लागलं की त्या बोट दाखवत, "ती बघ आयची चप्पल. ती सोडून कुठं जाती व्हय ती?" पोर गप्प.

छप्पर गळायला लागलं तेव्हा बाईंनी ग्रामसभेत पत्रे मागितले. आप्पा सरपंच हसले, "बाई, शेंबडी पोरं ती. त्यांच्यावर पैका घालून काय पिकणार?"

"आप्पा, पाल्यापाचोळ्याचा राब भाजून भाताचं रोप टाकता, तवा त्याला इचारता का, आजच भात देतंस का म्हणून?"

"तुमी लई हिशेबी!"

"मग करा की हिशेब. हितं पोर बसलं की आय रानात जाती, थोरली शाळंत जाती. एका चटईवर सगळ्या घराचं भागतं."

पत्रे आले, पण पुढचा पावसाळाही गळक्या छपराखाली काढून. मग चटया, मग खाऊ, दरवेळी तेच मागणं, तेच हसणं. शेवटच्या भेटीत म्हणाल्या, "दमले गं. दर साली नव्यानं समजवायचं..."

त्यांच्या जागी कुणी आलं नाही. पोरं कमी आहेत, खालच्या गावात पाठवा, असं सांगण्यात आलं. मधला ओढा पावसात मोठ्यांनाही ओलांडवत नाही.

परवा वाडीत गेले. लावणी चालू होती. बालवाडीला कुलूप, तरी उंबऱ्याशी सवयीनं काढलेल्या चपला भिजत होत्या. पायरीवर एक मुलगी धाकट्याला मांडीवर घेऊन बसली होती.

"शाळा न्हाई का गं आज?"

"हाय की," ती म्हणाली. तेवढ्यात भाऊ रडायला लागला, तशी तिनं चपलांकडं बोट केलं. "ती बघ आयची."