दादाच्या कादंबरीचं परीक्षण

धायरी सोडली त्या सकाळी तात्यांनी, माझ्या वडिलांनी, माझी पुस्तकांची पेटी खांद्यावरून बसपर्यंत आणली. शेतकरी माणूस. "पेठंत कुणी हसलं तर गप बसू नगंस," एवढंच म्हणाले. मी गप बसलो नाही. पुण्यात नारायण पेठेत खोली घेतली, 'हाय'चं 'आहे' केलं आणि दोन वर्षांत स्वतःच दुसऱ्यांना हसायला शिकलो.

पुढे तेच काम झालं. सिनेमांची, कादंबऱ्यांची परीक्षणं लिहितो. 'पसरट', 'भाबडं', 'ओढूनताणून' हे माझे लाडके शब्द. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे इकडे आले, त्यांना ठाऊक असेल: इथे एखादी गोष्ट मनापासून आवडली असं म्हणायची सोय नाही. लगेच अडाणी ठरतो.

गेल्या वर्षी दादाची कादंबरी आली. दादा म्हणजे थोरला भाऊ, गावातच राहिलेला. जमीन विकलेल्या बापाची गोष्ट. संपादक म्हणाले, "धायरीचेच ना आपण? मग लिहा की. भाऊ असला म्हणून काय झालं, आपण कुठे कुणाला सोडता!" मी फुगलो. भावाला उचलून धरलं असं कुणी म्हणू नये म्हणून चांगलं सोलून काढलं. कादंबरीतला बाप बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये शिरताना चपला काढतो, कारण पूर्वी तिथे त्याचं धान्य मळायचं खळं होतं. मी लिहिलं, 'ओढूनताणून आणलेलं प्रतीक. असा बाप फक्त पुस्तकातच भेटतो.' मित्रांनी धडाधड अंगठे पाठवले.

आठवड्याने वहिनीचा फोन आला. "भावोजी, तात्या रोज काढायचे चपला. वॉचमन हाकलायचा, मग हे जाऊन घेऊन यायचे. आपल्या खळ्यावर बिल्डिंग झाली त्या वर्षी तुम्ही आलाच न्हाई."

खळ्यात चपला घालून जायचं नसतं, हे मी लहानपणी तात्यांचे दोन फटके खाऊन शिकलो होतो. साफ विसरलो! लाज वाटली, अजून वाटते.

धायरीला गेलो. तात्या आता नाहीत. दादाने चहा दिला, परीक्षणाचं नाव काढलं नाही. पुढचं काय लिहितोयस विचारलं, तर "बास झालं" म्हणाला. मी माफी मागायला लागलो, तेव्हा त्याने थांबवलं.

"चपलांचं सोड रं. त्या बापाला म्या एकच पोरगा दावलाय. त्यावर तू कायच लिहिलं न्हाईस."

कादंबरी मी पेन्सिल घेऊन दोनदा वाचली होती. धाकटा मुलगा नाही, हे मला एकदाही खटकलं नव्हतं. कुणी गाव विचारलं की मी अजून धायरीच सांगतो.