वन्संनी रिक्षा मागे घेतली नाही

‘नको’ हा शब्द आमच्या वन्संना ऐकूच येत नाही. कान तसे उत्तम आहेत. टेंपोच्या इंजिनात खुट्ट झालं तरी त्या ओसरीवर बसल्या बसल्या काय बिघडलंय ते सांगतात. पण कुणी ‘नको’ म्हटलं, की तेवढा शब्द वाऱ्यावर जातो. वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. वय बासष्ट. भिवपुरीजवळच्या आमच्या गावातून कर्जतच्या बाजारात त्या कित्येक वर्षं भाजीचा टेंपो नेताहेत. त्याआधी तीनचाकी चालवायच्या. बाईमाणसाला हे शोभत नाही, असं सांगायला एकदा गावातली चार वडीलधारी माणसं आली होती. वन्संनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि त्याच टेंपोत बसवून चौघांना घरोघरी सोडून आल्या. अंगावर सुती पातळ, पदर खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट. आणि एक हट्ट असा, की गाडी मागे घ्यायची नाही. बाजारात समोर रस्ता अडला, तर चार हात मागे येण्याऐवजी त्या दहिवलीचा वळसा घालून येतील. ‘‘मागं बघून चालवाया मान काय घुबडाची हाय का?’’

श्रीलंकेत पर्यटकांना रिक्षा भाड्यानं देतात आणि ती आपली आपण चालवत देशभर फिरता येतं, हे त्यांना माझ्या मुलाच्या फोनवर दिसलं. जन्मभर गाडी चालवलेल्या बाईनं सुटी कशी घालवावी? तर परदेशात जाऊन गाडी चालवून! सोबतीला मला धरलं. आमचे हे जेवता जेवता थांबले. ‘‘ताई, या वयात दोघीच बायका परदेशात? काही नको.’’

‘‘मग कधी निघू म्हन्तोस?’’ वन्सं म्हणाल्या.

मुलाच्या कॉलेजच्या जुन्या सॅका पाठीला लावून आम्ही निघालो. तिथला परवाना काढला, लाल रंगाची रिक्षा घेतली आणि बारा दिवस हिंडलो. यादीतलं एकही प्रेक्षणीय स्थळ वन्संनी पाहिलं नाही. भल्या मोठ्या खडकावरचा किल्ला बघायला जग येतं, तर ह्या म्हणाल्या, ‘‘दगड आपल्याकडं काय कमी हायेत?’’ डोंगरात विजेच्या केंद्राचे पाईप उतरताना दिसले, तिथं मात्र अर्धा तास थांबून ‘भिवपुरीचेच हायेत जसे’ म्हणत हरखून बघत राहिल्या. बोलायच्या फक्त मराठी. रस्त्यात कुणी म्हातारी पायी दिसली, की रिक्षा थांबलीच. ‘‘बस गं मावशे.’’ मावशी सिंहलीत बोलायची, ह्या मराठीत, आणि दोघींचं गुडघेदुखीपर्यंत सगळं बोलून व्हायचं. मी मागे सॅका सांभाळत बसलेली असायचे आणि मला कुणी काही विचारायचं नाही.

सहाव्या दिवशी चहाच्या मळ्यांतून घाट चढत होतो. रस्ता अरुंद, एका अंगाला दरी. एका वळणावर समोरून उतरती बस आली आणि दोघं समोरासमोर अडकलो. बसच्या मागेच रस्ता चांगला रुंद होता, तरी ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला आणि आम्हालाच हातानं मागे लोटल्यासारखं केलं. वन्संनी इंजिन बंद केलं. ‘‘चढत्या गाडीला वाट द्यायची असती. खोपोलीच्या घाटात शेंबडं पोर सांगंल,’’ असं म्हणून त्यांनी चिवड्याची पुडी सोडली. कंडक्टर येऊन ओरडून गेला.

‘‘वन्सं, घ्या ना जरा मागे. दहा पावलांचा तर प्रश्न आहे.’’

त्या माझ्याकडे वळल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, ‘‘मागं जा म्हून तू मला एकदा सांगितलं व्हतंस, वैनी. आता पुन्यांदा सांगू नगंस.’’

चोविसाव्या वर्षी, नवऱ्याचा मार खाऊन, एक हात गळ्यात बांधून वन्सं माहेरी आल्या होत्या. मी घरातली नवी सून. ‘‘चार दिवस राहा आणि मागं फिरा, लोक काय म्हणतील,’’ हे मीच त्यांना म्हटलं होतं. सासूबाईंनी बोलायला लावलं, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे त्या घरात मलाच नको होत्या.

मी खाली उतरले. बससमोर जाऊन मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी सांगितलं, आम्ही चढतोय, तुमच्या मागे जागा आहे, तुम्ही घ्या मागे. ड्रायव्हरनं घड्याळ दाखवलं. मी कमरेवर हात ठेवून बंपरपुढे उभी राहिले. अशी मी कधी ह्यांच्यासमोरसुद्धा उभी राहिले नव्हते. तिथून हलले नाही. शेवटी खिडकीतल्या एका म्हातारीनं ड्रायव्हरला काहीतरी सुनावलं, सगळी बस हसली, आणि कुरकुरत का होईना, बस मागे गेली.

शेजारून जाताना वन्संनी उरलेला चिवडा ड्रायव्हरच्या हातात कोंबला. ‘‘खा रं बाबा, रागावू नगंस.’’ घाटमाथ्यावर चहा घेताना माझ्या कपातली साखर त्यांनी ढवळून दिली.

येऊन सात महिने झाले. पुढच्या खेपेला त्यांना व्हिएतनाम म्हणून एक देश बघायचाय. हे ‘नको’ म्हणाले, तेव्हा मीही ऐकलं नाही. फक्त त्या जुन्या बोलण्याची माफी मागायची राहिलीय. परवा धीर करून विषय काढला. ‘‘वन्सं, तुम्ही त्या वेळी घरी आलात ना, तेव्हा मी...’’

‘‘आत्ता नाय गं वैनी,’’ त्या काचेतून समोर बघत म्हणाल्या. ‘‘गाडी चालवतेय मी.’’

टेंपो आमच्या अंगणात उभा होता. इंजिन बंद होतं. मी दार उघडलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.