हत्तीबोडीचे बावन्न सेकंद

बोरटोल्याच्या ललिताबाई सेलोकरांना इंग्रजी येत नाही, आणि हे त्यांना सुनावणाऱ्यांची कधी कमी पडली नाही. त्यांत एकदा मीही होतो, म्हणून आधी माझंच सांगतो. मोहाडीला तहसील कार्यालयासमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, काय वाट्टेल ते भरून देतो. जगातला कुठलाही फॉर्म प्रफुल्लभाऊ भरतो अशी माझी ख्याती होती आणि ती पसरवण्यात माझाच हात मोठा होता. ललिताबाईंनी ती ख्याती एका रोवणीच्या हंगामात जमिनीवर आणली.

बाईंचं वय बेचाळीस. धानाच्या रोवणीला बोरटोल्यात चौदा बायांची एक टोळी आहे, आज हिच्या शेतात, म्हणजे बांधीत, तर उद्या तिच्या. दिवसभर चिखलात वाकून पऱ्ह्यातली रोपं लावायची तर गाणं उचलून देणारी एक बाई लागते. ती ललिताबाई. त्यांच्याकडची रीत अशी की बांधीत पाय ठेवण्याआधी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभं राहून, ज्या बोडीचं म्हणजे तळ्याचं पाणी त्या बांधीला येतं तिचं नाव गाण्यात घ्यायचं. मग पुढचं. ललिताबाई मात्र सगळ्यांच्या आधी आणखी एक नाव घेतात, हत्तीबोडीचं. ही त्यांच्या माहेरची बोडी. माहेरचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. पुनर्वसनात घरं मिळाली, नळ मिळाले, बोडी कुठली मिळणार? कागदावर तिला नुसता गट क्रमांक होता. नाव उरलं ते या बाईच्या गळ्यात. हे मला फार उशिरा कळलं आणि तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

त्यांची मुलगी गुंजन नागपूरला शिकते. तिने मागच्या वर्षी रोवणीतलं आईचं गाणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि गाणी ऐकण्याच्या ॲपवर चढवलं. ॲपवर थेट गाणं जात नाही, मध्ये एक वितरक कंपनी लागते, तिच्यामार्फत. वर्षभरात ते एकशे ऐंशी वेळा वाजलं. त्यातली शंभर तर गुंजनच्या मैत्रिणींचीच असतील.

या जुलैच्या सुरुवातीला बाई दुकानात आल्या त्या मोबाइल स्पीकरवर ठेवूनच. पलीकडे मनिष नावाचा कोणी होता, नागपूरचा, गाण्यांची जाहिरात करणारा. तो म्हणत होता, "मॅडम, तुमचा स्किप रेट फार हाय आहे. तीस सेकंद ऐकलं तरच एक स्ट्रीम मोजतात. तुमची इन्ट्रोच बावन्न सेकंदांची! क्युरेटर पिच बघणारच नाही. ती नावं कापा, डायरेक्ट हुकवर, मुखड्यावर या."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, हा काय म्हनून राहिला?"

मला काय ठाऊक! पण दुकानात चार गिऱ्हाइकं उभी. मी म्हटलं, "बाई, हे इंग्रजीतलं आहे, तुम्हाला नाही समजायचं. तो म्हणतो तसं करून टाका."

"समजाचं नाही तं करू काहून?" असं म्हणून बाईंनी मनिषला सांगितलं, "मी उद्या फोन करीन जी."

दुसऱ्या दिवशी त्या शंभर पानी वही घेऊन आल्या. दुकानातली गर्दी ओसरली की मी मोबाइलवर एकेक शब्द शोधायचा, वाचायचा, सांगायचा, आणि त्या लिहून घ्यायच्या. माझं वाक्य जसंच्या तसं त्यांनी एकदाही लिहिलं नाही. क्युरेटर म्हणजे कोणतं गाणं ॲपवरच्या यादीत, प्लेलिस्टमध्ये घ्यायचं ते ठरवणारा, असं मी सांगितलं. त्यांनी लिहिलं, "बाजारात कोन कुठं बसन ते ठरवनारा." पिच म्हणजे आपलं गाणं घ्या म्हणून त्याला आधी कळवणं. त्यावर विचारलं, "हात जोडून का ताठ उभ्यानं?" मी म्हटलं, उभ्यानं. तेवढंच लिहिलं. काही याद्या माणूस करतो आणि काही यंत्र करतं, तुम्ही काय ऐकता ते बघून, हे त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. सेव्ह म्हणजे ऐकणाऱ्याने गाणं आपल्याजवळ ठेवून घेणं. तो शब्द त्यांना आवडला, त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. स्किप म्हणजे ऐकता ऐकता उठून जाणं. "जाऊ दे," त्या म्हणाल्या. "ज्याले बसाचं तो बसन."

मग मनिषला फोन लागला. बाईंनी सांगितलं, नावं कापणार नाही. तो म्हणाला, ठीक आहे, आमचं गॅरंटीड प्लेसमेंट घ्या, पैसे भरले की पंचवीस याद्यांत गाणं, पन्नास हजार स्ट्रीम पक्के. बाईंनी एकच विचारलं, "आयकनारे कोन गावचे?"

"ते आमच्यावर सोडा, मॅडम."

"आयकनाऱ्याचं गाव सांगता येत नाही तं तो आयकनारा नोहे," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. मी रात्री शोधून वाचलं तर खरंच तसं होतं. असल्या सौद्यात ऐकणारा नसतोच, कुठल्या तरी खोलीत मोबाइलच मोबाइल लावलेले असतात. बॉट म्हणतात त्याला. बाईंनी तेही वहीत लिहिलं, "खोटा मानूस."

इथवर सगळं नीट होतं. घोळ केला तो आम्ही, आणि त्यात मी पुढे.

बायांच्या टोळीत मीच सांगून आलो की तीस सेकंद ऐकलं की एक मोजतात, जितकं वाजवाल तितकं गाणं वर चढेल. टोळीत जानकीबाई आहेत, अडुसष्ट वर्षांच्या. त्यांचा शब्द तिथे कोणी मोडत नाही. त्या म्हणाल्या, "ललितानं आपल्या सगळ्यायच्या बांधीत गानं म्हटलं. आता आपली पाळी. रोवना होयेपर्यंत सगळ्यायचे फोन तिच्या नावानं." हे त्यांच्या हिशेबात अगदी चोख होतं. कामाची पाळी फेडायची तसं ऐकणंही फेडायचं! चौदा जणींचे मोबाइल पिशव्यांत घालून धुऱ्यावरच्या बाभळीला टांगले, कारण नेटवर्क तिथेच यायचं. चौदा ललिताबाई चौदा जागी गात होत्या, एक हत्तीबोडीवर तर दुसरी शेवटच्या कडव्यावर, आणि खाली चिखलात खरी ललिताबाई तिसरंच गाणं उचलून देत होती. मी जाऊन व्हिडिओ काढला. आठ दिवसांत आकडा दहा हजारांवर गेला. मी दुकानात पेढे वाटले, सांगायला लाज कसली.

नवव्या दिवशी गुंजनला वितरक कंपनीचा मेल आला, तिने तो माझ्याकडे पाठवला. गाणं काढून टाकलं होतं. मी वाचून दाखवलं: यंत्राने केलेली कृत्रिम ऐकणी आढळली. चौदा दिवसांत सोबतचा फॉर्म भरा. त्यात एक चौकोन होता, "मी आकडे वाढवण्यासाठी फसवणूक केली हे मान्य करते." टिक केली की गाणं परत मिळेल, शून्यावरून. नाही केली तर गाणं कायमचं गेलं, आणि त्या खात्यावरून पुन्हा कधी चढवता येणार नाही.

"करा बाई टिक," मी म्हटलं. "एक चौकोन तर आहे. आम्ही दिवसाला असे शंभर भरतो. कोण वाचतो?"

"मी वाचून राहिली ना," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण माझा हात माऊसवरून निघाला. "फोन झाडाले टांगले, चूक झाली. बाभूळ आयकत होती, आपन नाही. हे मी लिहून देईन, सही करीन. पन फसवलं? जानकीबाई यंत्र हाय? तिच्या टोंगळ्याले हात लावून पाहा म्हना, गुडघा कसा सुजला ते. हे मी मान्य करनार नाही. लिहा."

मी लिहिलं. आयुष्यात इतकं मन लावून मी कोणासाठी काही लिहिलं नव्हतं. चौदा जणींची नावं, वयं, कोणाच्या बांधीत कोणत्या दिवशी रोवणी होती, नेटवर्क बाभळीपाशीच का येतं, पाळी म्हणजे काय, सगळं. ते मोबाइलवर इंग्रजीत करून घेतलं, पाठवलं, आणि खुर्चीला टेकायच्या आत उत्तर आलं. दहा सेकंदसुद्धा झाले नसतील. तोच मजकूर, तोच चौकोन.

"इतक्यात वाचलं त्यायनं?" बाईंनी विचारलं.

"वाचलं नाही बाई. हे यंत्राचं उत्तर आहे."

बाई इतक्या मोठ्याने हसल्या की बाहेर शिक्क्यासाठी उभे असलेले लोक आत डोकावले. "म्हंजे यंत्रानं आपल्याले यंत्र म्हटलं!"

नंतरचे दिवस मला जड गेले. गुंजनचा रोज फोन, काका, आईला समजवा, तेवढंच एक गाणं आहे. खरं होतं. गाणं गेलं तर हत्तीबोडीही जाणार होती, दुसऱ्यांदा. मी दोनदा बोरटोल्याला जाऊन आलो. दोन्ही वेळा बाईंनी चहा पाजला आणि विषय काढू दिला नाही. चौदावा दिवस उलटला. चौकोन रिकामा राहिला आणि गाणं गेलं.

त्यानंतरच्या रविवारी बाईंनी मला आणि गुंजनला बोलावून घेतलं. ललिताबाईंच्या स्वतःच्या बांधीत शेवटचा रोवणा होता. धुऱ्यावर चौदाही जणी रांगेने उभ्या. मोबाइल एकच, गुंजनच्या हातात. ललिताबाईंनी हत्तीबोडीचं नाव घेतलं, आणि मग त्यांच्यापाठोपाठ एकेकीने त्याच चालीत आपल्या माहेरच्या बोडीचं नाव घेतलं, त्यापुढे स्वतःचं नाव. जानकीबाईंचा आवाज मध्येच फाटला. गुंजन म्हणाली पुन्हा घेऊ. ललिताबाई म्हणाल्या, "राहू दे. यंत्राचा आवाज फाटत नसते."

नुसती सुरुवातच एक मिनिट चाळीस सेकंदांची झाली.

दुसरी वितरक कंपनी शोधली, खातं या वेळी ललिताबाईंच्याच नावाने. फॉर्म मीच भरला. "मुख्य कलाकार" या रकान्यात एक नाव टाकलं की अजून एक जोडायचं बटण येत होतं. ते मी तेरा वेळा दाबलं. यादीवाल्यांना कळवायच्या रकान्यात बाईंनी सांगितलेलं मराठीतच टाकलं: "सुरुवात लांब हाय. कापाची नाही. आयकाचं असन तं बसा." ॲपवाल्यांच्या भाषेत याला पिच म्हणतात. उभ्याने केलेली.

गाणं कुठल्या मोठ्या यादीत गेलं नाही, उगाच खोटं कशाला सांगू. पहिल्या आठवड्यात एकसष्ट वेळा वाजलं आणि एकोणीस जणांनी सेव्ह केलं. त्या एकोणिसांत टोळीतली एकही नव्हती, मी विचारून घेतलं; बाईंनी टोळीला बजावलं होतं, ऐकायचं असेल तेव्हाच लावायचं, झाडाला नाही.

परवा बाजाराच्या दिवशी ललिताबाई जानकीबाईंना घेऊन दुकानात आल्या. जानकीबाईंच्या मुलाने मोबाइल आपल्याकडे घेतलाय, म्हणून म्हातारीने स्वतःचं गाणं अजून ऐकलंच नव्हतं. मी त्यांचं नाव टाकून शोधलं. आलं! पडद्यावर जानकीबाई, खाली लिहिलेलं कलाकार. त्यांना अक्षर लागत नाही, मी बोट ठेवून दाखवलं. त्या बोटावर नजर ठेवून स्टुलावर बसल्या आणि सबंध गाणं ऐकलं. स्वतःचं नाव आलं, आवाज फाटला, तेव्हा पदर तोंडाला लावला. गाणं संपलं.

"अजून लाव गा बाबू."

मी लावलं. संपल्यावर पुन्हा म्हणाल्या, "अजून." आता माझा हात थबकला. एकाच मोबाइलवर, एकाच जागी, पुन्हा पुन्हा, आणि कलाकार स्वतःच. मी ललिताबाईंकडे पाहिलं.

"काय झालं?" जानकीबाईंनी विचारलं. "मी आयकून राहिली ना!"

"लावा भाऊ," ललिताबाई म्हणाल्या. "मोजाचं तं मोजू द्या त्यायले."

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आवाज पूर्ण वाढवून तिसऱ्यांदा लावलं.