वाल्देमारने घातलेलं पातळ तेल

नदीकाठच्या कार्मेलो गावात त्या हिवाळ्यात कुजबूज अशी होती की, निकासिओ बेरुत्तीची मेलेली बायको झुल्मा भर दुपारी त्याची काळी गाडी घेऊन फिरते. डोक्याला तिचाच हिरवा रुमाल, डोळ्यांवर तिचाच काळा चष्मा. जेवण उरकून सगळं गाव झोपलेलं असताना हे पाहिलं कुणी, असं विचारू नये. ज्यांना झोप लागत नाही आणि ज्यांची झोप दुसऱ्याच कुणाच्या घरी असते, अशी माणसं गावोगाव असतात.

निकासिओच्या कानावर हे बेकरीत आलं. भुतांवर त्याचा विश्वास नव्हता. मेहुण्यांवर होता, म्हणजे मेहुणा काहीही करू शकतो, यावर.

हा मेहुणा म्हणजे वाल्देमार, झुल्माचा धाकटा भाऊ. नदीकाठी त्याचं गॅरेज. रोज सकाळी तो येई आणि दोघं अंगणात बसून एकाच नळीने माते ओढत, तो कडू, कढत काढा. झुल्मा गेल्यापासून निकासिओपाशी इतका वेळ टिकणारा दुसरा माणूस गावात उरला नव्हता. घरात त्याची धाकटी बहीण नेलिदा होती, पण ती स्वयंपाकघरातून फक्त टोमणे मारायची.

गाडी झुल्माच्या लग्नातली. वर्षातून दोनदा दफनभूमीपर्यंत जायची, एरवी शेडमध्ये. जास्त चालवली तर झिजेल, म्हणून निकासिओ रविवारी तिला जागेवरच सुरू करी, जराशी गुरगुरू देई आणि बंद करी. तेल मात्र घाली सगळ्यात जाड. म्हाताऱ्या इंजिनाला जाडच तेल, हे त्याचं ठाम मत.

पानगळीत वाल्देमारने ते काढून टाकलं.

"भाऊजी, गाडी महिनोन्महिने उभी. तेल सगळं तळाला जाऊन बसतं. थंडीत चावी फिरवली की तुमची ती काकवी वर चढेपर्यंत लोखंडावर लोखंड घासतं. हे पंधरा-चाळीस नंबरचं तेल घ्या. गार असताना पातळ, तापल्यावर बेताचं जाड."

"पातळ ते पातळच," निकासिओ म्हणाला. "मला पाणी विकू नकोस."

आठवड्याभरात गाडीखाली अंथरलेल्या पुठ्ठ्यावर तपकिरी डाग उमटला. पाठोपाठ नदीपल्याडच्या ब्वेनोस आयरेसहून जुन्या गाड्या विकत घेणारा एक माणूस आला, आणि वाल्देमार त्याच्याशी चौकात हसून बोलताना दिसला. निकासिओने बेरीज केली. इंजिन मारायचं, गाडी मातीमोलाने उचलायची, नदीपल्याड विकायची. वर झुल्माचा रुमाल मिरवून गावाला भुताच्या नादी लावायचं.

त्याने मागच्या चाकावर, जमिनीला टेकतं तिथे, खडूची रेघ मारली. शुक्रवारी रेघ वर आली होती.

पुरावा मिळाला. आता वाल्देमारला घराचं दार बंद, एवढंच सांगायचं उरलं होतं.

शनिवारी सकाळी निकासिओने माते भरलं, स्वतः ओढलं, पुन्हा पाणी ओतलं आणि पुन्हा स्वतःच ओढलं. वाल्देमारची पाळी सरळ गाळली. तिकडे याच्यापेक्षा थोबाडीत मारलेली बरी.

वाल्देमारने पुढे केलेला हात मांडीवर ठेवला. "काय झालं, भाऊजी?"

"पुठ्ठा बघ."

दोघं शेडमध्ये गेले. वाल्देमारने गाडीखाली वाकून पाहिलं. "इंजिनाची रबरी सिलं जुनी आहेत, झिरपतंय. हे माझं चुकलं. वीस-पन्नास घालू, थोडं जाड. पण तुमची काकवी नाही."

"आणि चाक कुणी फिरवलं? झुल्माने?"

"दादा, तुझ्या डोक्यातलं तेलही बदलायला झालंय," आतून नेलिदा म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस."

वाल्देमार बॉनेट उघडून तेलाच्या तोंडाचं झाकण फिरवू लागला. गेल्या वर्षी झाकणाच्या आत पांढरट साय धरली होती. जागेवर गुरगुरणाऱ्या गाडीत तेल पुरतं तापत नाही, वाफेचं पाणी आतच राहतं, त्याची ती साय. त्याने झाकण उलटं करून निकासिओच्या नाकासमोर धरलं. आत स्वच्छ तेल होतं.

"कुणीतरी हिला नीट तापवतंय," वाल्देमार म्हणाला. "मारायची असती तर उभीच ठेवली असती."

"कोण?"

"ते मला नका विचारू. मी शब्द दिलाय."

निकासिओने त्याला ना माते दिलं, ना जा म्हटलं. वाल्देमार आपणच उठून गेला. रविवारी आला नाही. पुढचे दिवसही नाही. अंगणात एकट्याने ओढलेलं माते भलतंच कडू लागतं.

निकासिओचा डावा कान कामातून गेलेला, आणि दुपारी झोपायचा तो उजव्या कुशीवर, चांगला कान उशीत दाबून. त्या गुरुवारी तो डाव्या कुशीवर डोळे मिटून पडला. थोड्या वेळाने शेडचं दार करकरलं. इंजिन सुरू झालं, एका झटक्यात, न खोकता. फाटकापाशी गिअर बदलताना खर्रकन आवाज झाला. तसा गिअर झुल्माने आयुष्यात कधी टाकला नव्हता, आणि वाल्देमारने तर नाहीच. तो उठला नाही. गाडी परत येईपर्यंत तसाच पडून राहिला.

शुक्रवारी सकाळी तो थर्मास बगलेत मारून गॅरेजवर गेला. पहिलं माते स्वतः संपवलं, दुसरं वाल्देमारच्या हातात दिलं आणि म्हणाला, "ते वीस-पन्नास घाल."

गाडी नेलिदा नेत होती. वाल्देमारने सांगितलं होतं म्हणून, दर गुरुवारी, बोटींना वाट द्यायला फिरणाऱ्या पुलापलीकडे आणि परत, तेल पुरतं तापेपर्यंत. गाडी चालवायला तिला झुल्माने शिकवलं होतं. रुमाल आणि चष्मा गाडीच्या खणात पडलेले असत, आणि ऊन डोळ्यांवर येई.